इंजिन उतरवण्याआधी

मोटरसायकलचं इंजिन खाली घ्यायची घाई करू नकोस. आधी पुढच्या स्प्रॉकेटचा, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाचा, नट सैल कर. नट आपोआप सुटू नये म्हणून खाली असलेल्या लॉक वॉशरची दुमडलेली कड सरळ कर, गाडी गिअरमध्ये टाक आणि कुणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांग. चेन मात्र अजून काढायची नाही, ब्रेक तिच्यामार्फतच स्प्रॉकेट धरून ठेवतो. एकदा का इंजिन बाकावर आलं, की नटाबरोबर तेही फिरतं. मी असाच घाम गाळलाय!

सायलेन्सरचे गंजलेले स्टड (इंजिनमध्ये बसवलेले आट्यांचे दांडे) आदल्या रात्रीच गंज सोडवणाऱ्या तेलाने भिजव. एखादा तुटला, तर हेडमधला (इंजिनच्या वरच्या भागातला) तुकडा काढणं वेगळंच दुखणं. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोड. वायरिंगचे फोटो तर हवेतच.

इंजिन फ्रेमला धरून ठेवणारा शेवटचा लांब माउंटिंग बोल्ट ठोकत बसू नकोस. इंजिनखाली जॅक आणि लाकडी ठोकळा देऊन वजन जरा उचल, बऱ्याचदा हातानेच सरकतो.