नऊ कोऱ्या वह्या

"मॅडम, चित्रं काढूनच पोट भरते, पण स्वतःच्या वहीत रेघ म्हणून ओढवत नाही. मला काही झालंय का?"

गोव्यातल्या चोडण बेटावरून माझ्याकडे समुपदेशनाला आलेली ही मुलगी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) घरी कपाटात नऊ स्केचबुकं, सगळी कोरी. एकीचं पहिलं पान तेवढं फाडलेलं. चित्र काढणाऱ्यांकडून हा प्रश्न मी पुन्हा पुन्हा ऐकते आणि प्रत्येकाला वाटतं, हे फक्त माझंच.

आधी मी झोप, भूक, मन कशात रमतं का, ते विचारलं. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच गोडी वाटत नसेल, तर प्रश्न वहीचा नसतो, डॉक्टरांना भेटावं लागतं. हिचं तसं नव्हतं. बाजार, मैत्रिणी, भाचरं, सगळ्यांत जीव होता. अडत होतं ते वहीपाशीच.

मग त्या फाडलेल्या पानाबद्दल बोललो. खाडीकाठच्या खाजणातले बगळे काढायला घेतले होते, पहिल्याच बगळ्याची मान वाकडी झाली. "तेव्हा मनात काय आलं?" तिला उत्तर द्यायला वेळ लागला. "फोटो कसा येईल, ते." त्याआधी दोन वर्षं ती वहीचं प्रत्येक पान इन्स्टाग्रामवर टाकत होती. रेघ उमटण्याआधीच बघणारे डोळे पानावर येऊन बसत. वही कसली, उत्तरपत्रिकाच झाली होती ती.

यातली खरी गोम सुटकेत आहे. छातीत धडधडलं की ती वही मिटायची, आणि मिटल्याबरोबर बरं वाटायचं. ते बरं वाटणंच मनाला शिकवतं की वही उघडणं धोक्याचं आहे, आणि पुढच्या वेळी ती उघडणं आणखी जड जातं. म्हणून "आत्मविश्वास ठेव" असं मी कुणालाच सांगत नाही. भीतीच्या जवळ अगदी थोडा वेळ राहायचं आणि काही बिघडत नाही हे हातालाच कळू द्यायचं.

तिला शाळेची रेघांची स्वस्त वही घ्यायला सांगितली. सुरुवात मधल्या पानापासून. चोडण–रायबंदर फेरीबोट सुटली की पेन टेकवायचं, धक्क्याला लागली की थांबवायचं, चित्र अर्धं असलं तरी. नजर समोरच्या माणसावर, कागदावर नाही. पान फाडायचं नाही. आणि वही कुणालाही दाखवायची नाही, मलासुद्धा.

ती चिडली. "हा बालवाडीतला खेळ झाला."

खेळच होता. मी तिला गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची आठवण करून दिली. त्यांची चित्रं पणजीच्या मार्केटात ती येता-जाता बघत आलेली. मारिओ लहानपणी घराच्या भिंतींवर चित्रं काढत, म्हणून आईनं हातात कोरी वही दिली. त्यांनी ती रोजच्या दिवसानं भरली. माणसं, लग्नं, भांडणं, सगळं आलं. विशीतल्या, १९४९ ते १९५१च्या त्यांच्या डायऱ्या कित्येक दशकांनी छापल्या गेल्या, पण काढताना त्या छापण्यासाठी काढलेल्या नव्हत्या. मला त्या आईचं फार कौतुक वाटतं. तिनं मुलाला रागावून गप्प बसवलं नाही, फक्त जागा बदलून दिली.

पहिला आठवडा वाईट गेला, तीनच पानं झाली. दुसऱ्या आठवड्यात एकदा पावसाची झड आली, शाई पसरली आणि एका स्कूटरवाल्याला शेपूट फुटलं. तिनं त्याला आणखी दोन पाय काढून दिले. हे सांगताना ती पहिल्यांदा मोकळी हसली. मासे विकायला निघालेल्या एका बाईनं तर वहीत डोकावून सुनावलं, "म्हजें नाक इतलें व्हड ना गो!" नियम मोडला म्हणून ती माझ्यापुढे ओशाळली. मी विचारलं, "मग पान फाडलंस?"

"नाही. नाक आणखी मोठं केलं. ती बाई पोटभर हसली."

कामाच्या चित्रांना हात लावताना अजून धडधडतं, असं ती म्हणते. त्यावर आम्ही काम करतोय, घाई नाही. कपाटातल्या नऊ वह्याही तशाच आहेत. परवा आली तेव्हा पिशवीतून ती शाळेची वही वर आलेली दिसत होती, कोपरे भिजून फुगलेले, वर रबर लावलेलं. मी दाखव म्हटलं नाही. तिनंही दाखवली नाही.