डब्यातल्या जिनसांची तारीख

प्रश्न : रवा, बेसन, पोहे डब्यात भरले की पिशवीसोबत तारीखही कचऱ्यात जाते. पावसाळ्यात रव्यात किडे निघतात. नोंद मोबाइलवर ठेवावी की वहीत?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : डब्यावरच ठेवा. मोबाइल आणि वही आठवडाभरात मागे पडतात, कारण डबा भरताना हात पिठाचे असतात. मास्किंग टेप आणि न पुसलं जाणारं मार्कर पेन डब्यांच्या फडताळातच ठेवा. पट्टीवर दोन तारखा लिहा : 'फोडला' आणि 'संपवा'. छापील तारीख बंद पिशवीची; हवा लागली की तिच्यावर विसंबू नये. पट्टी डब्याच्या अंगावर लावा. झाकणावर लावली तर घासताना झाकणं बदलतात आणि बेसनाची तारीख पोह्यांना लागते.

खाडीकाठच्या दमट हवेत रवा, बेसन, पोहे महिना-दीड महिन्यात संपवावेत. गिरणीतलं गव्हाचं पीठ पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच दळून आणा. कोंड्यात आणि अंकुरात तेल असतं, ते हवेने खवट होतं. दाण्याचं कूट त्याहून लवकर खवटतं, ते फ्रीजमध्येच ठेवा.

किड्यांचं मूळ बहुतेकदा उरलेल्यावर नवा माल ओतण्यात असतं. तळाच्या कडेत अडकलेल्या रव्यात अंडी राहतात. डबा पूर्ण रिकामा करून धुवा, ऊन नसेल तर पुसून पंख्याखाली वाळवा. अर्धा किलो रवा मंद आचेवर ८-१० मिनिटं भाजा आणि पूर्ण गार झाल्यावरच भरा. कोमट भरला तर झाकणाला वाफ धरते, गुठळ्या होतात, मग बुरशी. काही पिशव्यांत अंडी दुकानातूनच आलेली असतात. बेसन, पोहे घट्ट पिशवीत ४ दिवस उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवले की ती मरतात. बाहेर काढल्यावर पिशवीचा गारवा जाईपर्यंत ती उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

प्रश्न : उरलेला भात किती दिवस चालतो?
– एक वाचक, कळवा

उत्तर : इथे आधी तास मोजा. शिजल्यापासून २ तासांच्या आत, पसरट डब्यात, फ्रीजमध्ये. आणि दुसऱ्या दिवशी संपवा. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात. भात बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि फोडणी देऊन परतल्याने ते विष जात नाही. वासही येईलच असं नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात टाकून द्या.