बाजूच्या लेनमधला मुलगा

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ज्याला तू रोज सरावात मागे टाकायचीस, तो मुलगा आता शंभर मीटरला तुझ्या चार सेकंद आधी भिंतीला हात लावतो. मेहनत तर तूच जास्त करतेस. 'माझं काय चुकतंय?' असं विचारलंयस. काही चुकत नाहीये. पण एवढ्यावर तुझं समाधान व्हायचं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दहाएक वर्षांपर्यंत मुलामुलींच्या टायमिंगमध्ये फारसा फरक नसतो, कधी कधी मुलीच पुढे असतात. वयात येताना मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कितीतरी पटींनी वाढतं. उंची, हातांची लांबी, तळवे, फुप्फुसं, खांद्यांचे स्नायू, सगळंच भराभर वाढत जातं. तुझ्या शेजारचा मुलगा तुझ्याहून चांगला पोहायला लागलाय असं नाही. त्याला मोठी वल्ही मिळालीत, इतकंच.

फरक किती, ते विक्रमांवरून बघ. चीनच्या पान झानलेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइल ४६.४० सेकंदांत मारली. स्वीडनच्या सारा शोस्ट्रॉमची २०१७ मधली वेळ ५१.७१, म्हणजे साडेअकरा टक्क्यांच्या आसपास फरक. आता १५०० मीटर बघ. अमेरिकेचा बॉबी फिंक १४:३०.६७, तिथलीच केटी लेडेकी १५:२०.४८. इथे फरक पावणेसहा टक्क्यांवर येतो, जवळजवळ निम्मा!

मला स्वतःला याहून आवडणारी तुलना वेगळीच आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मार्क स्पिट्झनं १०० मीटर ५१.२२ मध्ये जिंकली. शोस्ट्रॉमची ती वेळ या आकड्यापेक्षा अर्ध्या सेकंदानं मागेच राहते. त्याच स्पर्धेत माइक बर्टननं १५०० मीटरचं सुवर्ण १५:५२.५८ मध्ये घेतलं, तोही तेव्हाचा विश्वविक्रम. लेडेकीची २०१८ मधली वेळ त्याच्याहून तब्बल ३२ सेकंद जलद आहे.

असं का होतं, तर वेग वाढवायला गेलं की पाणी फार किंमत मागतं. दहा टक्के वेग वाढवायचा तर शक्ती साधारण तेहतीस टक्के जास्त लागते. त्यामुळे छोट्या शर्यतीत ज्याचे स्नायू दांडगे त्याचंच चालतं. त्यात स्टार्ट आली, म्हणजे ब्लॉकवरून पायांनी मारलेली उसळी. शंभर मीटरमध्ये तिचा वाटा मोठा, पंधराशेत नगण्य. लांब पल्ल्याला हिशेब बदलतो. पुरुषांचे पाय जड, ते खाली ओढले जातात. बायकांचं शरीर पाण्यावर जास्त आडवं राहतं, पाण्याचा अडथळा कमी होतो, आणि तेवढंच अंतर कमी ऊर्जेत कापता येतं. अमेरिकेच्या गर्ट्रूड एडर्लीनं १९२६ मध्ये इंग्लिश खाडी पार केली ती तोवरच्या पुरुषांच्या विक्रमापेक्षा सुमारे दोन तास कमी वेळात. आणि गंमत बघ, पुरुषांना ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर १९०८ पासून होती. बायकांना ती मिळाली थेट टोकियोत, २०२१ साली. जिथे आपण सगळ्यात जवळ पोहोचतो, तीच शर्यत सगळ्यात शेवटी दिली!

आता तुझ्या शरीराबद्दल, कारण पत्रात तू ते एका ओळीत उरकलंयस. कंबर रुंदावली, वजन वाढलं, टायमिंग अडकलं, म्हणून जेवण कमी केलंयस. ते आजपासून बंद. या वयात वर्ष-दीड वर्ष टायमिंग जागचं हलत नाही, असं पुष्कळ मुलींचं होतं. शरीर बदललं की पाण्यातला तोलही बदलतो, किकची लय पुन्हा बसवावी लागते. उपाशी राहून हे सुधारत नाही, हाडं मात्र कमकुवत होतात. पाळी चुकायला लागली तर ती 'कडक सरावाची खूण' असं कुणी म्हणालं, तरी ऐकू नकोस. आईला सांग आणि सरळ डॉक्टरांकडे जा.

सरावाचं म्हणशील तर त्या मुलाच्या मागोमाग एकाच लेनमध्ये पोहणं सोड. पुढच्याच्या पाठच्या पाण्यात ओढ मिळते, टायमिंग छान दिसतं आणि शर्यतीत एकटी पडलीस की खरं काय ते कळतं. लेनमध्ये पुढे तू राहा, मग सेट हळू झाला तरी चालेल. आठवड्यातून दोनदा ड्रायलँडमध्ये, म्हणजे पाण्याबाहेरच्या व्यायामात, वजनं उचल. खांदे रुंद दिसतील म्हणून बिचकतेस, ते मला ठाऊक आहे. दिसू देत. आणि टर्नवर काम कर. पन्नास मीटरच्या पूलमध्ये पंधराशेला एकोणतीस टर्न येतात, आणि तुझी स्ट्रीमलाइन, म्हणजे हात पुढे जुळवून अंग बाणासारखं ताठ ठेवणं, भिंत सोडल्या सोडल्या मोडते.

वेळ काढून टोकियोची मिश्र मेडली रिले बघ. संघात दोन पुरुष, दोन बायका, प्रत्येकानं वेगळ्या प्रकारात शंभर मीटर पोहायचं, आणि कुणाला कधी उतरवायचं ते संघानं ठरवायचं. अमेरिकेनं आपल्या वेगवान केलेब ड्रेसेलला शेवटी ठेवलं होतं, बाकीच्यांनी पुरुष आधीच उतरवले होते. तो पाण्यात उतरला तेव्हा बरेच संघ कितीतरी पुढे गेले होते. त्याच्या लेनमध्ये सगळ्यांच्या लाटा उसळत होत्या. शंभर मीटर ४७ सेकंदांच्या आत मारूनही त्याचा संघ पाचवा आला. सुवर्ण ब्रिटननं नेलं, आणि त्यांच्याकडून शेवटचे शंभर मीटर पोहली होती ॲना हॉपकिन.

पुढच्या पत्रात तुझे १५०० चे स्प्लिट पाठव, प्रत्येक शंभराचे. त्या मुलाचे नकोत.

तुझी,
मावशी