सिम्युलेटरमध्ये अब्जावधी मैल चाललेली ड्रायव्हरलेस गाडी खरंच सेफ समजायची का?

सिम्युलेशनशिवाय (म्हणजे कॉम्प्युटरमधल्या खोट्या रस्त्यांवर सॉफ्टवेअर चालवून बघितल्याशिवाय) गत्यंतर नाही, पण नुसत्या मैलांच्या आकड्याला भुलू नका. मी गाड्यांच्या सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे (ड्रायव्हरलेस नाही, साधं ऑटो ब्रेकिंग वगैरे), आमच्याकडेही हाच वाद चालतो.

गत्यंतर का नाही, तर रँड नावाच्या अमेरिकन संस्थेने २०१६ मध्ये हिशोब मांडला होता. तिकडे साधारण १० कोटी मैलांमागे एक माणूस अपघातात जातो, म्हणजे आपली गाडी माणसापेक्षा वाईट नाही एवढं ९५ टक्के खात्रीने दाखवायचं तर साडेसत्तावीस कोटी मैल एकही मृत्यू न होता चालवायला पाहिजे, १०० गाड्या दिवसरात्र पळवल्या तरी साडेबारा वर्षं लागतात. तोवर सॉफ्टवेअर किती वेळा बदललेलं असेल!

आता वेमोने (गूगलच्या घरातली ड्रायव्हरलेस गाड्यांची कंपनी) २०१६ मध्येच सिम्युलेटरवर अडीच अब्ज मैल चालवले होते. पण मोकळ्या हायवेवरचे मैल काय कामाचे? खरा फायदा एकच अवघड प्रसंग घेऊन तो हजार प्रकारे फिरवण्यात आहे, समोरचा अर्धा सेकंद आधी घुसला तर, स्पीड जरा जास्त असला तर, असं. वेमोने अॅरिझोनातल्या चँडलर भागातले २००८ ते २०१७ चे ७२ जीवघेणे अपघात सिम्युलेटरमध्ये परत उभे केले. अपघात ज्या गाडीमुळे सुरू झाला तिच्या जागी वेमो ठेवल्यावर सगळे टळले, समोरच्याच्या जागी ठेवल्यावर ८२ टक्के टळले. मागून येऊन कोणी ठोकलं तिथे तिचंही काही चाललं नाही. अभ्यास कंपनीचाच आहे, तेवढं लक्षात ठेवूनच आकडे घ्या.

आणि ह्याची दुसरी बाजू म्हणजे २०१८ चा अॅरिझोनातल्याच टेंपी शहरातला अपघात. उबरच्या टेस्ट गाडीला सायकल ढकलत रस्ता ओलांडणारी बाई ५.६ सेकंद आधी दिसली होती, पण क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडेल हे सॉफ्टवेअरच्या हिशोबातच नव्हतं. मग सॉफ्टवेअर तिला कधी गाडी समजायचं, कधी सायकल, कधी 'इतर काहीतरी', आणि दर वेळी नाव बदललं की ती कुठून कुठे चाललीय हा आधीचा माग पुसला जायचा. ही चूक सिम्युलेटरमध्ये सापडण्यासारखी होती, फक्त तो सीन कोणाला तरी सुचायला हवा. जे डिझाइन करणाऱ्याच्या डोक्यात नाही ते टेस्ट लिहिणाऱ्याच्याही डोक्यात नसलं की अब्ज मैल चालवून पण हिरवा टिक मिळतो.

अजून एक भानगड, खऱ्या रस्त्यावर रेकॉर्ड केलेला ट्रॅफिक सिम्युलेटरमध्ये परत चालवला तर त्यातल्या गाड्या तुमच्याकडे बघतच नाहीत, तुम्ही ब्रेक मारला तरी मागचा आपला येतोच.

त्यामुळे कंपनीला विचारायचं ते हे की तोच सीन खऱ्या ट्रॅकवर चालवून जुळवून बघितला का, गाडी किती अंतरात थांबली, लिडारला (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) माणूस किती लांबून दिसला, आणि दोन्हीकडचे आकडे किती जवळ आले. वेमोने कॅलिफोर्नियात जुन्या कॅसल एअर फोर्स बेसवर खोटे रस्ते उभारून तिथे माणसं, गाड्या आणून असले प्रसंग मुद्दाम घडवले, त्या खटाटोपाबद्दल कंपन्या काय सांगतात ते मी आधी वाचतो.