शून्याखाली नेणारी नोंद कोणती?

हिंजवडीतली नोकरी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुटली आणि हे वाचक बार्शी तालुक्यातल्या आपल्या गावी परतले. पगाराचं खातं एका खासगी बँकेत होतं, ते तसंच राहिलं. २२ एप्रिल २०२५ रोजी भविष्य निर्वाह निधीचे ४१,२०० रुपये त्याच खात्यात जमा झाले आणि त्याच दिवशी बँकेनं त्यातले ५,९५६ रुपये वळते करून घेतले. वाचक शाखेत चार वेळा जाऊन आले. "सिस्टिमनं कापलेत, आमच्या हातात काही नाही," एवढंच उत्तर मिळालं. आता ते विचारतात की बँकेवर फसवणुकीचा गुन्हा नोंदवता येईल का, आणि ग्राहक आयोगात पाच लाखांची भरपाई मागता येईल का.

अशी पत्रं माझ्याकडे सतत येतात. रक्कम बदलते, बँक बदलते, बाकी हकिगत तीच. त्यामुळे बँकेला किमान शिल्लक ठेवायला सांगण्याचा आणि न ठेवल्यास आकार घेण्याचा अधिकार आहे का, यावर मी शब्द खर्च करत नाही. आहे. पगार यायचा थांबला की पगाराचं खातं काही महिन्यांत साध्या बचत खात्यात बदलतं, हेही खातं उघडताना तुम्ही सही केलेल्या कागदावर छापलेलं असणार. त्या बाजूनं भांडून हाती काही लागणार नाही.

तुम्ही खातेउताऱ्याचे फोटो पाठवलेत, ते बरं केलंत. तुमचं सगळं प्रकरण त्यातल्या एका ओळीवर उभं आहे, आणि ती ओळ जुलै २०२४ मधली आहे.

उतारा क्रमानं वाचा. मार्चच्या सुरुवातीला खात्यात ५,९५० रुपये होते. म्युच्युअल फंडाचा दोन हजारांचा हप्ता मार्चमध्ये गेला, एप्रिलमध्ये गेला, उरले १,९५०. मे महिन्यात हप्त्याला पन्नास रुपये कमी पडले आणि हप्ता परत गेला. बँकेनं परतीचा आकार लावला: ५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. जूनमध्ये तेच, जुलैच्या पहिल्या आठवड्यात तेच. तीन वेळचे १,७७० वजा झाल्यावर खात्यात १८० रुपये राहिले. इथपर्यंत खातं शून्याच्या वर आहे.

त्यानंतर १८ जुलैची नोंद बघा. किमान शिल्लक न ठेवल्याचा आकार, ५९० रुपये. शिल्लक ४१० आणि तिच्यापुढे 'डीआर' ही अक्षरं. म्हणजे खातं उणे झालं, आणि ते उणे करणारी नोंद किमान शिल्लकेच्या दंडाची आहे. हप्ता परतीच्या आकारानं ते उणे झालेलं नाही.

रिझर्व्ह बँकेनं २० नोव्हेंबर २०१४ रोजी परिपत्रक काढून व्यापारी बँकांना नियम घालून दिला आणि तो १ एप्रिल २०१५ पासून लागू झाला. त्यात असं आहे की केवळ किमान शिल्लक न ठेवल्याच्या आकारामुळे बचत खात्याची शिल्लक उणे होता कामा नये. खात्यात १८० रुपये असतील तर बँक फार तर ते १८० घेऊ शकते. त्यापुढचा दंड लावून माणसाला देणेकरी करता येत नाही.

या वाक्यातला 'केवळ' हा शब्द बँकेचा वकील पहिला पकडतो. तुमचं खातं आधीच हप्ता परतीच्या आकारानं उणे झालं असतं, तर तो म्हणाला असता की ही शिल्लक केवळ दंडामुळे उणे झालेली नाही, आणि आपल्याला लांबलचक वाद घालावा लागला असता. मेमध्ये खात्यात पाचशे रुपयेच असते तर आज मी तुम्हाला इतक्या ठामपणे लिहिलं नसतं. तुमच्या बाबतीत नोंदींचा क्रमच तुमच्या बाजूचा आहे.

आता हिशेब. जुलै २०२४ ते एप्रिल २०२५ या काळात दंडाच्या दहा नोंदी आहेत, एकूण ५,९००. मधे डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क २३६. दोन्ही मिळून ६,१३६. त्यातून खात्यातले १८० वजा करा, ५,९५६ येतात. बँकेनं नेमके तेवढेच घेतले. यातले कार्डाचे २३६ सोडून द्या, ते या नियमात बसत नाहीत. हप्ता परतीचे १,७७० सोडून द्या, तेही बसत नाहीत. मागायचे ते ५,७२० रुपये. तुम्ही शाखेत 'सगळे पैसे परत द्या' असं सांगत राहिलात. सगळे मागितले की बँकेला 'काही आकार बरोबरच आहेत' असं उत्तर देता येतं आणि फाइल बंद होते. नेमका आकडा मागितला की उत्तरही नेमकं द्यावं लागतं.

बँक म्हणेल, आमचं येणं होतं, पैसे आले, वळते केले. भारतीय करार कायद्याच्या कलम १७१ चा आधारही ती घेईल. बँकेला आपलं येणं ग्राहकाच्या ठेवीतून वसूल करता येतं हे खरं, पण ते येणं मुळात नियमात बसणारं हवं. जो दंड लावायलाच मनाई होती, त्याचं येणं तयार होत नाही.

काही बँका शिल्लक उणे दाखवत नाहीत. शून्यावर थांबवतात, न मिळालेला आकार बाजूला नोंदवून ठेवतात आणि पैसे जमा झाले की धरतात. ते नियमाला धरून आहे की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं, आणि तशी केस असलेल्या वाचकांना मी इतका विश्वास देणार नाही. तुमच्या उताऱ्यावर 'डीआर' छापलेलं आहे. तो उतारा जपून ठेवा.

तुमचा स्वतःचा भर सूचनेवर आहे: 'मला एकही मेसेज आला नाही.' त्याच परिपत्रकात हेही आहे की शिल्लक कमी झाल्यावर बँकेनं एसएमएस, ईमेल किंवा पत्रानं कळवायचं आणि एका महिन्यात ती भरून न काढल्यास आकार लागेल असं सांगायचं. मुद्दा चांगला आहे. पण तुम्ही तो स्वतःच दुबळा करून ठेवलात. बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर कंपनीचा, तो नोकरी सुटताच परत केलात. ईमेल कंपनीचा, तो बंद झाला. पत्ता वाकडच्या पेइंग गेस्टचा, ती खोली सोडलीत. बँक उद्या तिन्ही ठिकाणी सूचना पाठवल्याच्या नोंदी पुढे करेल, आणि पत्ता न बदलण्याची चूक कुणाची हा प्रश्न आला की आयोगाचे सदस्य तुमच्याकडे बघतील. ज्या दिवशी राजीनामा दिलात त्याच दिवशी शाखेत जाऊन एक फॉर्म भरायचा होता. आयुष्याची कमाई ज्या खात्यावर येते त्याला स्वतःचा नंबर जोडायचा नाही, हे मला दर पत्रात दिसतं आणि दर वेळी राग येतो. कारण भोगायला लागतं ते पत्र लिहिणाऱ्यालाच.

तरी सूचनेची प्रत आणि तारीख मागाच. जूनच्या कमी शिल्लकेसाठी १८ जुलैला आकार लागला असेल, तर मधे महिन्याची मुदत कुठे दिली हे बँकेला सांगावं लागेल. पण हा मुद्दा दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. उणे शिल्लकेच्या नियमाला सूचना मिळाली की नाही याच्याशी देणंघेणं नाही. मेसेज पोचला असता तरी खातं शून्याखाली नेता आलं नसतं.

भविष्य निर्वाह निधीच्या १९५२ च्या कायद्यातल्या कलम १० चा आधार घेऊन 'पीएफला हात लावता येत नाही' असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. निधीत असलेल्या रकमेला ते संरक्षण नक्की आहे. पैसे तुमच्या बँक खात्यात येऊन पडल्यावर ते किती टिकतं हा वादाचा विषय आहे. ५,७२० रुपयांसाठी तो वाद अंगावर घेऊ नका. फसवणुकीचा गुन्हाही विसरा. फसवण्याचा हेतू दाखवायला तुमच्याकडे काही नाही, आणि पोलीस ठाण्यातून तुम्हाला दिवाणी बाब म्हणून परत पाठवलं जाण्याचीच शक्यता जास्त.

आता उशिराबद्दल. चार वेळा शाखेत गेलात आणि एकदाही कागद दिला नाहीत. कायद्याच्या हिशेबी तुम्ही अजून तक्रारच केलेली नाही. बँकांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारी रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना तुमच्यासाठी योग्य जागा आहे, पण तिचं दार लेखी तक्रारीनंच उघडतं. आधी बँकेकडे लेखी तक्रार, मग तीस दिवस वाट. या काळात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, की लोकपालाकडे. तीही तक्रार मुदतीत करायची: २०२१ च्या योजनेनुसार उत्तर मिळाल्यापासून एका वर्षात, आणि उत्तरच नसेल तर बँकेकडच्या तक्रारीपासून एक वर्ष तीस दिवसांत. काउंटरवर केलेली बाचाबाची या मोजणीत धरत नाहीत.

म्हणून आजच बँकेच्या तक्रार निवारण विभागाला ईमेल करा, प्रत बँकेनं तक्रारींसाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याला. तुमच्या नावाच्या ईमेलवरून करा आणि तक्रार क्रमांक आल्याशिवाय थांबू नका. चार वाक्यं पुरेत: खाते क्रमांक, १८ जुलै २०२४ च्या नोंदीनं शिल्लक १८० वरून उणे ४१० झाली, २० नोव्हेंबर २०१४ च्या निर्देशांनुसार हे करता येत नाही, म्हणून ५,७२० रुपये परत करावेत आणि सूचनांच्या प्रती द्याव्यात. मनस्ताप, बेरोजगारी, शाखाधिकाऱ्याची उद्धट भाषा यातलं काही लिहू नका. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण तक्रार वाचणाऱ्याच्या हातातून तो एक आकडा निसटता कामा नये.

'आकार फार जास्त आहे' हेही लिहू नका. बँकेचा व्यावसायिक निर्णय हा लोकपालाच्या कक्षेबाहेरचा विषय आहे, आणि आकार किती असावा यावरची तक्रार त्या कारणानं परत जाऊ शकते. निर्देशाचा भंग झाला ही तक्रार मात्र सेवेतल्या त्रुटीची आहे. पैसे तेच, पण एका शब्दरचनेनं दार बंद होतं आणि दुसरीनं उघडतं.

लोकपालाकडची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर स्वतः भरा. फी नाही. त्या योजनेत वकिलामार्फत तक्रार चालत नाही, तेव्हा मला किंवा दुसऱ्या कुणालाही पैसे देऊ नका.

आणि ग्राहक आयोगात आधी धावू नका. तिथे प्रकरण दाखल असलं की लोकपाल तीच तक्रार घेत नाही. आयोगाची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे. ती ज्या दिवशी पैसे कापले त्या दिवसापासून धरली तर एप्रिल २०२७ मध्ये संपते. बँक कदाचित जुलै २०२४ पासून धरा म्हणेल. तो धोका लक्षात ठेवून लोकपालाचं काम लांबवू नका. उशीर माफ होऊ शकतो, पण माफी मागण्यातच पहिल्या काही तारखा जातात. ग्राहक संरक्षण कायदा साध्या तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लागावा असं म्हणतो. मी जिल्हा आयोगात छोट्या रकमांची प्रकरणं वर्षानुवर्षं पडून राहिलेली पाहिली आहेत. तक्रारदार दर तारखेला एसटीनं येतो, दिवसाची मजुरी बुडवतो आणि पुढची तारीख घेऊन जातो. ज्या कायद्यानं सामान्य माणसाला वकिलाशिवाय न्याय द्यायचं ठरवलं होतं, त्याच्या दारात हे घडतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. पाच लाख मिळणार नाहीत. लोकपालानं त्रासापोटी काही दिलंच तर ते वरकड समजा, त्याच्या भरवशावर राहू नका.

तुमच्या पत्रात शेवटी एक वाक्य आहे, त्यानं मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. रागाच्या भरात तुम्ही उरलेले ३५,२४४ रुपये काढून घेतलेत आणि खातं पुन्हा शून्यावर सोडलंत. म्हणजे तेव्हापासून तोच मीटर परत सुरू असणार. या आठवड्यात शाखेत जा. आधी खातं उघडल्यापासूनचा पूर्ण उतारा शिक्क्यासह घ्या, कारण खातं बंद झालं की ॲपमधूनही काही दिसत नाही. मग मोबाइल आणि पत्ता बदलाचा अर्ज द्या, आणि त्यासोबत खातं बंद करण्याचा किंवा ते मूलभूत बचत खात्यात बदलण्याचा. मूलभूत खात्याला किमान शिल्लकेची अट नसते. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

'आधी उणे रक्कम भरा, मग खातं बंद करू' असं सांगतील. रक्कम थोडी असेल आणि भरून सुटका होत असेल तर भरा, पण अर्जावर 'हक्क राखून, वादासह भरत आहे' असं स्वतःच्या हातानं लिहा आणि त्या ओळीखाली सही करा. ती ओळ न लिहिता पैसे भरलेत, तर थकबाकी तुम्ही मान्य केलीत असा अर्थ बँक काढेल, आणि १८ जुलैच्या नोंदीवरचा तुमचा दावा तिथेच कमकुवत होईल.