वाचक का येत नाहीत, हे फॉर्मवर कळत नाही

प्रश्न : आमचे तालुक्याच्या गावातले 'ब' वर्गाचे सार्वजनिक वाचनालय आहे. सभासद घटले म्हणून फॉर्म वाटले. बहुतेकांनी 'नवीन पुस्तके हवीत' असे लिहिले. तशी पुस्तके आणली, तरी वाचक वाढले नाहीत. काय करावे? — एक कार्यवाह

उत्तर : फॉर्म भरले ते येणाऱ्यांनी. न येणाऱ्यांचे म्हणणे त्यात आलेच नाही. शिवाय वाचनालयाने विचारले की माणूस पुस्तकेच मागतो, जिना चढवत नाही असे लिहीत नाही. म्हणून मानवशास्त्राचे अभ्यासक विचारण्याआधी बघतात. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २००४ पासून असा अभ्यास केला, तेव्हा विद्यार्थ्यांच्या हातात कॅमेरे आणि परिसराचे नकाशे दिले होते.

तुम्हाला झेरॉक्स पुरतील. दार, देवघेवीचे टेबल, कपाटे, बाक, पंखे दाखवणारा आराखडा काढा. दर अर्ध्या तासाने फेरी मारून कोण कुठे आहे ते दर फेरीला त्याच्या नव्या प्रतीवर मांडा : बाईला गोल, पुरुषाला फुली, मुलाला टिंब. रोज सहा तास वाचनालय उघडे असेल, तर सहा दिवसांना ७२ प्रती लागतील. बाजाराचा दिवस चुकवू नका. सगळ्या फुल्या दाराजवळच्या वर्तमानपत्रांपाशी आणि गोल जवळजवळ नाहीतच, असे चित्र निघाले, तर त्या घोळक्यातून वाट काढत आत यायला बायका का बिचकतात हे वेगळे सांगावे लागत नाही.

मधल्या वेळात कोपऱ्यात बसून वीस-वीस मिनिटे नुसते पाहा. 'कंटाळून गेली' असे लिहू नका. 'काचेच्या कपाटाशी चार मिनिटे. मान तिरकी करून नावे वाचली. कडी ओढली, कुलूप होते. टेबलाकडे पाहिले, परत गेली', असे लिहा. देवघेवीच्या नोंदवहीत या भेटीची ओळही उमटत नाही, आणि वाचक हातचा जातो तो इथेच. पॅड घेऊन दारात उभे राहिलात, तर लोक सावरून वागतील. पहिल्या दिवसाच्या नोंदी बाजूलाच ठेवा.

मग बारा जणांशी बोला, त्यांतले आठ तरी सभासद नसलेले. ते एसटी स्टँडवर, गिरणीत दळणाच्या रांगेत, शाळा सुटताना फाटकापाशी भेटतील. 'वाचता का?' याला सगळे हो म्हणतात. 'शेवटचे काय वाचले, कुठे बसून, ते हातात आले कुठून?' असे विचारा. ग्रंथपालांनी स्वतः विचारू नये, त्यांच्या तोंडावर कुणी तक्रार करत नाही. नावे टिपू नका. कोणी काय वाचले, हे कार्यकारिणीच्या बैठकीतही येता कामा नये.

प्रश्न : बारा जणांवरून निर्णय घ्यायचा?

उत्तर : इथे डोकी मोजायची नाहीत, कारणे शोधायची आहेत. शेवटच्या दोघा-तिघांकडून नवे कारण निघत असेल, तर आणखी चौघांशी बोला. नंतर एका चिठ्ठीवर एकच नोंद उतरवा, सतरंजीवर पसरा आणि तिघांनी मिळून सारख्या कारणांचे गठ्ठे लावा. सर्वांत जाड गठ्ठा सुचवतो तो एकच बदल चार आठवडे करा, कारण दोन एकदम केले की कशाने फरक पडला ते कळत नाही. तो बदल कुलपातली कपाटे उघडण्याचा असेल, तर पुस्तके जातील ही भीती खोटी नाही. म्हणून आधी दोनच कपाटे उघडा, पुस्तके आधी मोजा, महिन्याने पुन्हा मोजा, आणि त्याच आराखड्यावर पुन्हा फेऱ्या मारा.