कमी पावसाच्या भागांना आर्थिक भवितव्य आहे का?

नक्की आहे, पण नुसत्या यंत्रांच्या जिवावर नाही. इस्रायल जवळपास ९० टक्के सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरतो, बहुतेक शेतीला. आमच्या मुंबईत पहाटे सोसायटीची टाकी भरते आणि वापरलेलं बहुतेक पाणी खाडीत, समुद्रात जातं. जीव तुटतो हो, २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं! मला आपल्या महाराष्ट्रातल्याच हिवरे बाजार या गावाचा मार्ग सगळ्यात जास्त पटतो. तिथे दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, मग कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरतं. शेतीसाठी बोअर पाडायला बंदी. ठिबक हवंच, पाणी थेंबथेंब मुळाशीच पडतं. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला, तर उन्हाळ्यात विहीर कोरडीच.